भिंतीची अब्रू

लोकांनी तुम्हाला काहीही सांगितलं असेल, पण भिंत झाकली यात माझी काही चूक नव्हती. परक्या माणसाला घरात बोलवायचं आणि त्याच्यापुढं घराची आतडी काढून ठेवायची, ही आमची रीत नाही. बांधकाम खात्याच्या घरी असेल, तर ती त्यांची त्यांना लखलाभ.

झालं असं, की आमचे हे जिन्यावरून पडले. हातात चहाचा कप होता. तो सांडू नये म्हणून ह्यांनी कठडा सोडला. कप वाचला, खुबा मोडला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता जिना विसरा. आमचं संडास-बाथरूम वरच्या मजल्यावर. म्हणून खाली जिन्यामागच्या कोठीच्या खोलीत नवं बाथरूम काढायचं ठरलं, आणि ते होईपर्यंत हे गेले आपल्या बहिणीकडे.

माझ्या नणंदेचं घर बैठं आहे. घरात कौतुकासारखं आहे ते तेवढंच. पण बाई ते अशी सांगते, जणू जिना न बांधणं ही तिची दूरदृष्टी.

"वहिनी, दादा इथं काय छान रुळलाय म्हणून सांगू!" तिचा रोज फोन. "गालसुद्धा वर आलेत. मी तर म्हणते, कशाला ती तोडफोड करत बसता? राहू दे की आता इथंच कायमचा."

"वन्सं, तो माणूस आहे, कपाट नाही. जिथं मावेल तिथं ठेवायला."

मग तिनं फोन ह्यांना दिला. मी म्हटलं, कसं काय? तर हे म्हणाले, "उत्तम. इथं संडासात धरायला दांडी आहे."

ऐकलंत? उभा जन्म ह्यांना हाताला धरून चालवलं, त्याचं कधी एका शब्दानं कौतुक नाही. आणि लोखंडाच्या दांडीचं! मी त्याच दिवशी गवंड्याला सांगितलं, आमच्या बाथरूमला दोन दांड्या बसव.

मला एकटीला करमत नव्हतं, असं कुणी समजू नये. मुलगा आहे, सून आहे, घर भरलेलं आहे. जेवताना समोरची रिकामी खुर्ची डोळ्यांवर येत होती, म्हणून मी ती उचलून तिच्यावर कोठीतल्या बरण्या ठेवल्या. बरण्या ठेवायला जागा नव्हती हो, दुसरं काही नाही.

तर ते बाथरूम. खात्याचा नियम असा, की पाइप भिंतीत टाकल्यावर आणि भिंत बुजवायच्या आधी त्यांचा माणूस येऊन बघून जाणार. त्यानं पास केलं तर बाथरूम वापरायचं, नाहीतर नुसतं बघायचं. म्हणजे खात्यानं मान हलवल्याशिवाय माझा नवरा घरी यायचा नाही. लग्नातसुद्धा मी इतक्या लोकांची परवानगी घेतली नव्हती.

एका संध्याकाळी सून ऑफिसातून आली ती बातमी घेऊनच. "आई, परवा खात्याच्या मॅडम येणार आहेत. त्यांनी फोनवर सांगितलंय, भिंत उघडीच ठेवा. आमच्यासाठी मुद्दाम काही करू नका, आहे तसं राहू दे."

"असं म्हणायचंच असतं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"येणारा माणूस म्हणतोच, माझ्यासाठी काही करू नका. म्हणून आपण त्याच्यापुढं रिकामी बशी ठेवतो का? तो म्हणतो ते त्याचं चांगलं वळण. आपण करतो ते आपलं."

"अहो आई, ते पाहुणे नाहीत. तपासणी आहे ती."

"दारातून आत येतो तो पाहुणा. खिडकीतून येतो तो चोर. तिसरी जात मला माहीत नाही."

मुलगा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "आई, भिंतीला हात लावू नकोस."

"मी कशाला हात लावू? माझे हात काय शिवशिवतायत?"

आणि मी शब्द पाळला. भिंतीला हात लावला तो गवंड्यानं.

पण आधी ती भिंत कशी दिसत होती ते ऐका. पार छातीपर्यंत खोदलेली. त्यात पाइप आडवे, उभे, एक तर असा तिरका, की वाट चुकल्यासारखा. मधूनमधून विटांचे तुकडे दात विचकत बसलेले. गळती असली तर दिसावी म्हणून प्लंबरनं पाइपांत पाणी भरून ठेवलं होतं आणि ती लाइन टाकीला जोडून तो आपला दुसऱ्या कामावर निघून गेला होता. मी शिकलेली नाही, चार बुकं झाली आणि शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, ते अजून ठरायचंय. पण घर नीटनेटकं कशाला म्हणतात ते मला कळतं. हे असलं ध्यान बघून ती बाई बाहेर जाऊन काय सांगेल?

पलीकडची शिवणवाली आली. ती आमच्याकडे साखर मागायला येते आणि बातमी घेऊन जाते. भिंत बघून तिनं तोंडावर पदरच धरला.

"अगंबाई! हे असंच दाखवणार?"

"लोक म्हणतात, असंच दाखवा."

"लोकांना काय होतंय म्हणायला! माझ्याकडे पडद्याचं कापड उरलंय. मोठाली फुलं आहेत. ते लावा, म्हणजे आल्या आल्या नजर फुलांवर जाईल."

पडदा लावला. खिळे ठोकायला जागा नव्हती म्हणून पाइपालाच दोरी बांधली. फुलं खरंच मोठाली होती, पण पडदा असा फुगला, की मागे कुणी लपलंय असं वाटावं. तेवढ्यात समोरचे हेडक्लार्क आले. आता निवृत्त आहेत, पण निवृत्त झाले ते पगारापुरते. सल्ला अजून चालू आहे.

"ताई, चुकताय," पडद्याकडे बघून ते म्हणाले. "ह्यानं संशय येतो. मी आयुष्य काढलंय टेबलाच्या पलीकडे. सरकारी माणसाच्या मनात काय चालतं ते मला विचारा. तो दारात उभा राहतो, एक नजर फिरवतो आणि नाक मुरडायचं की नाही ते तिथंच ठरवतो. पुढचं सगळं नुसतं लिहिणं."

"मग करू काय?"

"काम पूर्ण दिसलं पाहिजे. अर्धवट कामाला अर्धवटच शेरा मिळतो."

आता हे गृहस्थ आयुष्यभर बसले ते जन्ममृत्यूच्या नोंदीच्या खिडकीत. त्यांच्यापुढं आलेलं प्रकरण एक तर नुकतंच आलेलं, नाहीतर नुकतंच गेलेलं. बांधकामाचा आणि त्यांचा संबंध काय, हे त्या वेळी माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण माणूस ठासून बोलला, की आपल्याला वाटतं त्याला कळतं. मी स्वतः ह्याच जोरावर घर चालवलंय.

दुसऱ्या दिवशी मुलगा-सून कामावर गेली आणि मी गवंड्याला बोलावलं.

"मावशी, तपासणी झाल्याशिवाय भिंत बंद करायची नसते," तो म्हणाला.

"घर कुणाचं?"

"तुमचं."

"भिंत कुणाची?"

"तुमचीच."

"मग खातं मध्ये कुठून आलं?"

तो डोकं खाजवत उभा राहिला. "नंतर माझं नाव सांगू नका म्हणजे झालं," म्हणाला आणि सिमेंट कालवायला बसला. शहाण्या माणसाशी बोलायला वेळ लागत नाही.

भिंत बुजली, गिलावा झाला. काय सांगू, डोळे निवले. पण एक झालं. नवी भिंत अशी उजळली, की शेजारची जुनी भिंत आजारी दिसायला लागली. म्हटलं, हिलाही एक हात मार. तिला रंग दिला, तर छत काळं दिसायला लागलं. छत झालं, तर दार. संसाराचं असंच असतं. एका सुनेला साडी घेतली, की सगळ्या घराला कपडे लागतात. शेवटी म्हटलं, एवढं केलंय तर कोपऱ्यात पडलेल्या फरशाही भिंतीला लावून टाक, कशाला वाट बघायची.

जमिनीचं सिमेंट ओलं असताना शिवणवालीचं मांजर आत शिरलं. दारापासून कमोडपर्यंत गेलं, तिथं जरा थांबलं, आणि परत आलं. सगळा प्रवास पावलागणिक उमटला. खात्याच्या आधी त्यानंच तपासणी उरकली. मी शिवणवालीला हाक मारून दाखवलं, तर ती म्हणते, "किती सरळ चाललंय नाही?" गवंड्याला पुन्हा लेवल करावी लागली.

राहता राहिला आरसा. नणंदेकडे आरसा उंचावर आहे आणि ह्यांना आता बसून दाढी करावी लागते. म्हणून ती स्वतः हातात आरसा धरून ह्यांच्यापुढं उभी राहते. हे तिनं मला इतक्या वेळा सांगितलंय, की आता तो आरसा माझ्याच हातात असल्यासारखा हात दुखतो. मी स्टूल मागवलं, त्यावर बसले, ह्यांच्या उंचीचा अंदाज घेतला आणि भिंतीवर बोट ठेवलं.

"इथं."

"इतक्या खाली?" गवंडी म्हणाला. "आरसा वर लावतात मावशी. इथून पाइप..."

"आरसा बघणाऱ्यासाठी असतो, भिंतीसाठी नाही. मार."

त्यानं ड्रिल मारलं. आतून बारीकसा फुस्स असा आवाज आला. गवंड्यानं माझ्याकडे पाहिलं, मी गवंड्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नवी भिंत आहे, बसत असेल जागेवर. त्यानं स्क्रू पिळून आरसा टांगला आणि त्या दिवशी कधी नव्हे तो चहा न घेता गेला.

संध्याकाळी मुलगा दारात येऊन उभा राहिला.

"आई, पाइप कुठंयत?"

"जिथं असायला हवेत तिथं. आत."

"अगं, पण त्या बघणार काय?"

"बाथरूम! झालेलं! लोक अर्धवट दाखवतात, आपण पूर्ण दाखवतोय. उलट बढती मिळेल."

सून जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी कपाळ धरलं. आजकालच्या मुलींना रंगाचा वास सोसत नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळीच दारात गाडी थांबली. मॅडम नव्हत्या, नणंद होती. भावाचं बाथरूम नापास होताना बघायला ती भावालाही घेऊन आली होती. हे वॉकर टेकत टेकत आत आले. गाल खरंच वर आले होते. मला राग आला.

"बारीक झालात," मी म्हटलं.

"तूसुद्धा," हे म्हणाले. यात कुणीच खरं बोललं नव्हतं.

ह्यांनी बाथरूम पाहिलं, दोन्ही दांड्या हलवून बघितल्या आणि कमोडचं झाकण लावून त्यावर बसले. समोर आरसा. हनुवटीवरून हात फिरवला. "बरोब्बर उंचीवर लावलास गं," म्हणाले. मी नणंदेकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायची गरजच नव्हती.

"भिंत ओली दिसते हो वहिनी," ती म्हणाली.

"नवी आहे."

"ही इथं जरा फुगल्यासारखीही वाटते."

"नवीच आहे म्हटलं ना!"

मग मॅडम आल्या. मी इस्त्रीचा टेबलक्लॉथ घातला होता, चांगल्या कपबश्या काढल्या होत्या, हेडक्लार्क शर्ट खोचून सहज आल्यासारखे खुर्चीवर बसले होते. आणि मॅडम म्हणजे पोरसवदा मुलगी! काटकुळी, डोक्यावर हेल्मेट, बुटांना सिमेंट, हातात बॅटरी. चहाकडे बघितलंही नाही. सरळ बाथरूममध्ये गेली आणि तिथंच थबकली.

"पाइप कुठंयत?"

"आहेत हो, अगदी भरपूर आहेत," मी म्हटलं. "तुम्ही बसा तर."

"मला दिसत नाहीयेत."

"तेच तर! काही म्हणून दिसत नाही. आधी किती वाईट दिसत होतं म्हणून सांगू."

"आजी, मी फोनवर सांगितलं होतं, भिंत उघडी ठेवा म्हणून."

"तो तुमचा चांगुलपणा झाला बाई. पण आम्हाला बरं दिसलं नसतं."

त्या मुलीनं भिंतीवरून बॅटरी फिरवली. तेवढ्यात हेडक्लार्क घसा खाकरत पुढं झाले. "मॅडम, आपण एकाच लाइनीतले. मी काय म्हणतो, कामाचा दर्जा बघा. ही भिंत बघा." आणि त्यांनी विश्वासानं भिंतीवर थाप मारली.

त्यांनी थाप मारायला नको होती.

आधी एक फरशी निघाली. मग तिच्या शेजारची. मग गिलाव्याचा एक आख्खा पापुद्रा सावकाश, माणूस वाकून नमस्कार करतो तसा, पुढं आला आणि हेडक्लार्कांच्या पायावर पडला. त्याच्या मागून पाण्याची धार. ती सरळ त्यांच्या खोचलेल्या शर्टावर. आरसा सुटला, पण तो ह्यांनी मांडीवर झेलला. वस्तू वाचवायची ह्यांना सवयच आहे.

"मेन व्हॉल्व्ह कुठंय?" मॅडम ओरडल्या.

मुलगा म्हणाला, स्वयंपाकघरात. सून म्हणाली, अंगणात. हेडक्लार्क म्हणाले, "अर्ज करावा लागेल." ते भांबावले होते. शेवटी हे बसल्या जागेवरून ओरडले, "गच्चीवर! टाकीच्या खाली!" मुलगा धावला. पाणी थांबेपर्यंत बाथरूममधून निघून ते बैठकीत पोचलं होतं, आणि टेबलक्लॉथचं एक टोक पाणी पीत होतं.

मॅडमनी चेहरा पुसला. बॅटरी लावून भिंतीच्या भोकात डोकावल्या. "हां," म्हणाल्या, "आता दिसला पाइप. बरोबर मध्ये भोक आहे."

"आरशाचं आहे ते," मी म्हटलं. "उगाच नाही पाडलेलं."

निकाल काय लागणार! नापास. भिंत पुन्हा फोडा, पाइप बदला, मग पुन्हा तपासणी. पुन्हा म्हणजे कधी? तर रांगेप्रमाणे, महिना तरी लागेल. आणि ही लाइन टाकीलाच जोडलेली, मध्ये वेगळा नळ नाही. प्लंबर येऊन ती तोडून बंद करेपर्यंत सगळ्या घराचं पाणी बंद. प्लंबरला फोन लावला, तर तो गावाला गेलेला. आठवड्यानं येतो म्हणाला, म्हणजे पंधरवडा धरून चालायचं.

माझं तोंड बघवत नव्हतं म्हणे, असं सून नंतर सांगत होती. मी मात्र फक्त फरशा गोळा करत होते. नवरा दाराच्या आत आला होता, आरशापुढं बसला होता, आणि आता पुन्हा उठून जाणार होता. कुणालाही फरशा गोळा कराव्याशा वाटल्या असत्या.

नणंदेच्या आवाजाला मात्र काय गोडी आली होती! "चल रे दादा, आपण निघू. वहिनी, मी म्हणत नव्हते? आणि तुम्हीसुद्धा चला की, पाण्यावाचून कशा राहाल? घर काय परकं आहे?"

"मी शेजारून बादली आणीन."

मुलगा-सून सुनेच्या माहेरी जायला निघालीसुद्धा होती. हे वॉकर धरून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चल गं. बादल्या कसल्या उचलतेस."

मी गेले. पाणी नव्हतं म्हणून गेले, हे लक्षात असू द्या.

आता नणंदेकडे मी काही केलं, असं ती सांगत फिरते. मी काडीचं काही केलं नाही. उलट मदतच केली. तिचे स्वयंपाकघरातले डबे हात पोचेल अशा जागी होते, ते मी शोभेल अशा जागी ठेवले. तिच्या कामवालीनं घासलेली भांडी मी घासून ठेवली. रोज सकाळी ती ह्यांच्यापुढं आरसा धरायची, तर मी म्हटलं, वन्सं, तुमचे हात थरथरतात, कापेल बिचाऱ्यांना. आरसा मी घेतला. ती म्हणाली, दादाला चहा बिनसाखरेचा. मी म्हटलं, इतकी वर्षं मी साखर घालून जिवंत ठेवलंय. हे दोन्ही कप प्यायले. ह्यांना कुणाचं मन मोडवत नाही.

आणि ती दांडी! जिचं एवढं कौतुक झालं होतं ती जवळून बघितली, तर एका बाजूला कललेली. तपासणी म्हणजे काय ते आता मला कळायला लागलं होतं.

"वन्सं, तुमच्या बाथरूमची कधी तपासणी झाली होती का हो?"

"कशाला? चांगलं चाललंय की."

"वरून चांगलं दिसतं. आमचंही दिसत होतं. आतले पाइप कुणी बघितलेत? भिंत झाकलेली आहे. मी म्हणते, एकदा फोडून बघून घेऊ."

ती हसली. दुसऱ्या दिवशी मी आमच्या गवंड्याला बोलावून घेतलं, नुसतं भिंतीला कान लावून बघायला. तो बिचारा हातोडीनं टक टक करत बाथरूमपासून थेट तिच्या झोपायच्या खोलीपर्यंत गेला. "इथं पोकळ वाजतंय मावशी," म्हणाला. नणंद पलंगावर मटकन बसली.

"वहिनी, तुमच्या तपासणीची तारीख लागली का हो?" त्या दुपारी तिनं विचारलं.

"छे! महिना म्हणालेत. पण घाई कसली? मीही इथं छान रुळलेय."

दुसऱ्या सकाळी नणंद चांगली साडी नेसून कुठंतरी गेली. दुपारपर्यंत पत्ता नाही. मागाहून कळलं, की बांधकाम खात्यात जाऊन ती त्या काटकुळ्या मॅडमच्या टेबलापुढं बसून राहिली होती. तिथं डोळ्यांना पदर लावला म्हणे. भाऊ, म्हातारपण, खुबा, सगळं सांगितलं. प्लंबरलाही तिनंच त्याच्या गावाहून उचलून आणला, स्वतःची गाडी पाठवून.

आठवडा संपायच्या आत मॅडम आमच्या दारात हजर. भिंत सताड उघडी, पाइप चकचकीत. मी हाताची घडी घालून लांब उभी राहिले, एक शब्द बोलले नाही. मुलगा माझ्या एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला. मॅडमनी बॅटरी फिरवली, पाइपाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "पास. आता झाका."

भिंत सुकायचीही कुणी वाट बघितली नाही. ह्यांची बॅग नणंदेनंच भरली. औषधं, पायमोजे, माझा चष्मा, माझी राहिलेली चप्पलसुद्धा, काही विसरली नाही. दारापर्यंत सोडायला आली.

"येत जा हो वन्सं," मी म्हटलं.

"येईन ना वहिनी. मीच येईन. तुम्ही नका दगदग करू."

परवा हेडक्लार्क विचारत होते, खात्यात एरवी महिना महिना लागतो, तुमचं इतक्या लवकर कसं झालं, ओळख कुणाची लावली? मी म्हटलं, ओळख नको आणि वशिला नको. नणंदेकडे राहायला जावं आणि मनापासून राहावं.